पानिपतावर मशीनगन असती तर!

इतिहासात ‘जर’ आणि ‘तर’ यांना स्थान नाही, असे इतिहासकार वारंवार बजावीत असतात. परंतु इतिहास वाचणाऱ्याच्या मनात या दोन शब्दांना जेवढे स्थान असते तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दांना असेल. त्यातही मराठी मनुष्याचा ‘जर’ हा बहुधा पानिपतापाशी येऊन थबकतो. विश्वासराव गोळी लागून पडले नसते तर. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर. होळकर रणांगण सोडून गेले नसते तर. अशी ही मालिका आमच्या घराघरांतून आज अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे. अलीकडे तीत एका नव्या ‘जर’ची भर पडलेली दिसते. तो असा की, बुधवार, दि. १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी भाऊसाहेबांच्या हाताशी पुढील काळातल्या दहा मशीनगनी असत्या तर काय झाले असते? तरुण मंडळींत हा प्रश्न निघाला म्हणजे वडीलधारी मंडळीही हळूच खुर्ची पुढे ओढतात. उत्तर अर्थातच ठरलेले असते. अब्दालीचे सैन्य दोन प्रहरांच्या आत पाचोळ्यासारखे उडाले असते आणि हिंदुस्थानच्या इतिहासाला निराळेच वळण लागले असते.

या कल्पनेस आम्ही हसत नाही. वस्तुतः इतिहासातील प्रत्येक कारणमीमांसेच्या पोटात एक ‘जर’ दडलेला असतोच. अमुक एका कारणामुळे पराभव झाला असे आपण म्हणतो, तेव्हा ते कारण नसते तर पराभव झाला नसता, हेच आपण निराळ्या शब्दांनी सांगत असतो. तेव्हा कल्पना अवश्य करावी. परंतु कल्पनेलाही जमाखर्च असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. प्रस्तुत कल्पनेच्या मुळाशी एक सिद्धांत गृहीत धरलेला आहे. तो असा की, आमच्या पूर्वजांपाशी शौर्य भरपूर होते, उणीव होती ती केवळ हत्याराची. हा सिद्धांत मनाला फार सुखावणारा आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहण्याचे या लेखात योजिले आहे.

प्रथम मशीनगनीचाच हिशेब करू. हायरम मॅक्सिम याने १८८४ च्या सुमारास आपली प्रसिद्ध मशीनगन सिद्ध केली. ती मिनिटाला सुमारे पाचशे गोळ्या झाडीत असे. त्या जातीच्या तोफेत पुढे वापरलेले एक काडतूस सुमारे २५ ग्रॅम वजनाचे धरले, तर एक मशीनगन तासभर अखंड चालविण्यास तीस हजार काडतुसे, म्हणजे साडेसातशे किलो माल लागतो. जुन्या चाळीस शेरी मणाच्या मापाने हे वजन वीस मणांचे होते. एका बैलाच्या पाठीवर तीन मण लादले, तर एका तोफेला एका तासासाठी सात बैल, आणि दहा तोफांना सहा तासांसाठी चारशेहून अधिक बैल हवेत. अखंड मारा कोणी करीत नाही, म्हणून यातला निम्मा आकडा सोडून दिला, तरी दोनशे बैल उरतातच. शिवाय नळी तापते, तिच्या भोवतालच्या वेष्टनात पाणी घालावे लागते. असे असले तरी एका दिवसाच्या लढाईपुरता हा संभार काही अशक्य नव्हे. पण पानिपतावर भाऊसाहेब एक दिवस नव्हते. १७६० च्या नोव्हेंबरापासून सुमारे अडीच महिने त्यांची छावणी तेथे कोंडलेली होती. रसदेची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीतली जनावरे उपासमारीने मरत होती आणि शेवटच्या दिवशी सैन्य बाहेर पडले ते अन्न संपले म्हणूनच. ज्या छावणीत दाणा येऊ शकत नव्हता, त्या छावणीत काडतूस कोठून येणार होते?

पहिल्या दिवसाचा साठा आपण कल्पनेनेच देऊन टाकू. तो संपल्यावर काय? काडतुसाला पितळेचे एकसारखे कवच लागते. ते ओढून काढणारी यंत्रे लागतात. ठोका बसताच पेट घेणारे रसायन लागते. निर्धूर दारू लागते. आणि हे सर्व लाखावारी, केसाचाही फरक न पडता तयार करणारे कारखाने लागतात. सारांश, मशीनगन ही एक वस्तू नव्हे. ती एका लांबलचक साखळीची शेवटची कडी आहे. ही एकच कडी तोडून भाऊसाहेबांच्या हाती दिली, तर लढाईच्या दुसऱ्या दिवशी तिचे मोल लोखंडाच्या भंगाराएवढे राहील.

ही गोष्ट केवळ मशीनगनीलाच लागू आहे असे नव्हे. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलची तटबंदी ज्या प्रचंड तोफेने खिळखिळी केली, ती ओतणारा ऑर्बन नावाचा कारागीर प्रथम त्या नगरीच्याच बादशहाकडे चाकरी मागावयास गेला होता. त्याचा पगार आणि त्याला लागणारी धातू पुरविण्याचे सामर्थ्य त्या खंक झालेल्या दरबारात नव्हते. ते सुलतान महंमदापाशी होते, म्हणून तोफ सुलतानाची झाली. पुढे १५४३ साली पोर्तुगीजांच्या बंदुका जपानातील तानेगाशिमा बेटावर उतरल्या. तेथील सरदाराने दोन बंदुका विकत घेतल्या आणि लगेच त्या आपल्या लोहाराच्या पुढ्यात ठेवल्या. नळी त्याला साधली. परंतु नळीचे मागचे तोंड बंद करणारा आट्यांचा खिळा काही केल्या साधेना. तो कसा करावा हे पुढच्या वर्षी आलेल्या एका परदेशी लोहाराकडून शिकून घेतले, असे तेथील बखरीत सांगितले आहे. त्यानंतर तीसएक वर्षांच्या आत जपानी सरदार स्वदेशी बनावटीच्या हजारो बंदुका रणांगणावर आणू लागले. बंदूक विकत घेणे आणि आट्यांचा खिळा शिकून घेणे, या दोहोंतला फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्या खिळ्याभोवतीच फिरणार आहे.

आता पानिपताकडे वळू. भाऊसाहेबांचे सैन्य हत्यारांच्या बाबतीत कंगाल होते काय? मुळीच नव्हते. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी आपल्या कवायती पलटणी आणि तोफा घेऊन त्यांच्या पदरी होता. त्या दिवशी सकाळी इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी कापून काढली, हे शत्रुपक्षाकडून लिहिणाऱ्यांनीही मान्य केले आहे. अब्दालीचे सामर्थ्य मोठ्या तोफांत नव्हतेच. ते उंटांच्या पाठीवरून हव्या त्या ठिकाणी नेता येणाऱ्या सुतरनाळांत होते, राखून ठेवलेल्या ताज्या दमाच्या फौजेत होते आणि दुआबातून रोहिल्यांच्या मदतीने अव्याहत चालू असलेल्या रसदेत होते. उलट आमच्या जड तोफा एकदा मागे राहिल्या त्या राहिल्याच. गारद्यांच्या आडोशाने चौकोन करून सरकत जावयाचे ही एक युद्धपद्धती आणि घोडा फेकून तुटून पडावयाचे ही दुसरी. या दोन पद्धती एकाच मैदानात एकमेकींच्या आड आल्या. इब्राहिमखान शेवटपर्यंत इमानाने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. त्याच्या हाती आणखी शंभर तोफा दिल्या असत्या, तरी उपाशी सैन्याचे पोट त्यामुळे भरले नसते.

असे असले तरी, पानिपतावरील तोफा पुरेशा चांगल्या नव्हत्या, अधिक चांगल्या हव्या होत्या, असे कोणी म्हणेलच. त्यास आमचे उत्तर असे की, हा प्रयोग कल्पनेत करण्याचे कारणच नाही. तो प्रत्यक्षात झालेला आहे. मराठ्यांच्या हाती त्या काळातील उत्तमोत्तम हत्यारे आली असती तर काय झाले असते, याचे उत्तर इतिहासाने पानिपतानंतर बेचाळीस वर्षांनी, १८०३ साली, देऊन ठेवले आहे.

पानिपतातून पायाला जखम घेऊन वाचलेले महादजी शिंदे हे त्या लढाईचा अर्थ ओळखणाऱ्या थोड्या पुरुषांपैकी एक होते. १७८४ साली त्यांनी सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या डी बॉईन याला चाकरीस ठेवले. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. सँगस्टर नावाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखाली आग्र्यास तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि बंदुका तयार होऊ लागल्या. या कंपूंचा पगार वेळच्या वेळी भागावा म्हणून दुआबातील मुलूख स्वतंत्र तोडून दिला होता, ही गोष्ट तोफांइतकीच महत्त्वाची आहे. १७९० साली पाटण आणि मेडता येथे या कंपूंनी राजपुतांच्या शूर घोडदळाची जी वाताहत केली, तिच्यावरून ही विद्या किती प्रभावी होती हे दिसून येते. १७९४ साली पुण्याजवळ वानवडीस महादजी वारले तेव्हा हिंदुस्थानात इंग्रजांच्या तोडीचे पायदळ आणि तोफखाना कोणाचा, तर शिंद्यांचा, अशी स्थिती होती.

दि. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ या कंपूंपैकी काहींची गाठ आर्थर वेलस्लीशी पडली. हाच पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात मराठी पायदळ उभे होते. नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्ली बगलेवर उतरला. आपल्यासमोर मराठी पलटणींना तोंड फिरविता येणार नाही, अशी त्याची अटकळ होती. ती सपशेल चुकली. पलटणींनी कवायतीच्या मैदानावर फिरावे तशा शिस्तीने आपली रांग फिरविली आणि असा मारा सुरू केला की, इंग्रजांच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज पडून त्या तोफा जागच्या जागी राहिल्या. एक गोरी पलटण असई गावाच्या रोखाने भरकटली. ती जवळजवळ सगळी कापली गेली. शत्रू अंगावर आला तेव्हा कित्येक मराठी गोलंदाज तोफेखाली मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे जाताच उठून त्यांनी त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक पडले किंवा जखमी झाले. लढलेल्या फौजेच्या मानाने हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. उतारवयात, तुमच्या हातून घडलेली युद्धातील सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे कोणी विचारले असता त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, असे सांगतात.

दिल्लीपाशी आणि पुढे १ नोव्हेंबर रोजी लासवारीस हेच घडले. लासवारीच्या कंपूंतील बहुतेक युरोपीय अंमलदार तोवर निघून गेलेले होते. तरीही शिपाई तोफांपाशी उभे राहून मेले. विजयी सेनापती लेक याने वरिष्ठांस कळविले की, यांना फ्रेंच अंमलदार असते तर निकाल काय लागला असता हे सांगणे कठीण होते. वाचकहो, मराठ्यांच्या हत्यारांस आणि शौर्यास याहून मोठे प्रशस्तिपत्रक शत्रूकडून मिळणे नाही. आणि तरीसुद्धा त्या वर्षी अवघ्या काही महिन्यांत हिंदुस्थानचे राज्य हातचे गेले!

का गेले? लेकच्या त्या अभिप्रायातच उत्तर आहे. हत्यार आमचे होते, शिपाई आमचा होता, पैसा आमचा होता. पण लढाई चालविण्याची विद्या भाड्याची होती. डी बॉईन १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून निघाला आणि आपल्या मायदेशी जाऊन सुखाने राहिला. त्याच्या जागी आलेला पेरॉन १८०३ मध्ये ऐन युद्धाच्या तोंडावर चाकरी टाकून इंग्रजांच्या आश्रयास गेला. कलकत्त्याहून गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या पदरच्या युरोपीयांना पगाराचे आमिष दाखविले. पुष्कळांनी ते पत्करले. अलीगडच्या किल्ल्याच्या दरवाजाची वाट इंग्रजांना दाखविणारा ल्यूकन हा काल-परवापर्यंत शिंद्यांचाच अंमलदार होता. असईस कंपू चालविणारा पोलमन हाही हॅनोव्हरचा परदेशी गृहस्थ. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले हे धनी तर त्या दिवशी घोडदळासह मैदानातून लवकरच निघून गेले. राहिले ते गोलंदाज. सुभेदारीच्या वर चढून पलटण, आणि पलटणीच्या वर चढून कंपू हाकण्याची विद्या आपल्या मुलांना शिकवावी, त्यासाठी एखादी शाळा काढावी, त्या विद्येची पुस्तके मराठीत आणावी, असा उद्योग त्या वीस वर्षांत झाला नाही. आट्यांचा खिळा आम्ही दुसऱ्याकडूनच करवून घेत राहिलो.

याच काळात युरोपात काय चालले होते, ते पाहावे. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला. गोळी लाकडाच्या टांगलेल्या लंबकावर मारून, लंबक किती हलला यावरून गोळीचा वेग काढण्याची युक्ती त्यात आहे. तीन वर्षांत ऑयलरसारख्या जगन्मान्य गणितज्ञाने त्या पुस्तकाचे सटीक जर्मन भाषांतर केले. १७४१ साली इंग्रजांनी वुलिच येथे तोफखान्याच्या उमेदवारांसाठी विद्यालय काढले होते. पानिपतापूर्वी वीस वर्षांची ही गोष्ट. म्हणजे तोफेमागे कारखाना, कारखान्यामागे शाळा, शाळेमागे ग्रंथ आणि ग्रंथामागे निरुद्योगी दिसणारा एक गणिती, अशी ती साखळी होती. विचित्र योग असा की, तोफेच्या दारूचा जीव जो सोरा, तो उत्तम प्रतीचा आमच्याच बिहारात होत होता आणि १७५८ पासून त्याचा मक्ता कंपनीकडे गेलेला होता. आमचे पानसे तोफखाना सांभाळीत, पेशव्यांचे गोळे ओतण्याचे कारखानेही होते. अक्कल किंवा हात यांची वाण नव्हती. वाण होती ती एका पिढीने शिकलेले दुसऱ्या पिढीच्या स्वाधीन करणाऱ्या व्यवस्थेची. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या शास्त्रविषयक अनास्थेवर कठोर शब्दांत बोट ठेवले, त्याचे मर्म हेच.

ही विद्या मराठ्यांना पचलीच नसती, असे मात्र कोणी समजू नये. शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे गलबते बांधावयास घेतली, तेव्हा त्यांनीही पोर्तुगीज कारागीर चाकरीस ठेवले होते. आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून परत नेले. १८०३ मध्ये घडले तेच तेथेही घडले. परंतु परिणाम निराळा झाला. कारागीर गेले तरी जहाजे बांधणे थांबले नाही. कारण कोळी, भंडारी, सुतार अशा किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ते काम बसले होते. १६७९ साली खांदेरीस महाराजांच्या लहान लहान होड्यांनी इंग्रजांच्या मोठ्या गलबतांना दाद दिली नाही. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत इंग्रजांचे, आणि १७२१ साली इंग्रज-पोर्तुगीज उभयतांचे मिळून झालेले हल्लेही फसले. आंग्र्यांची जहाजे युरोपीय जहाजांहून थोर नव्हती. पण ती आमच्या माणसांनी बांधलेली, आमच्या माणसांनी चालविलेली आणि मोडल्यास आमच्या माणसांना दुरुस्त करता येणारी होती. हे आरमार १७५६ साली विजयदुर्गास जळाले, तेही इंग्रजांच्या बरोबरीने पेशव्यांनी त्यावर चाल केली तेव्हा! पानिपतावर हत्यार नव्हते म्हणून हळहळणाऱ्यांनी, त्यापूर्वी पाचच वर्षे हाती असलेले हत्यार आपण कसे गमावू दिले, याचाही विचार करावा.

येथे एक आक्षेप घेता येईल. विकत घेतलेल्या हत्यारांनी लढाई जिंकता येतच नाही काय? येते. १ मार्च १८९६ रोजी अडोवा येथे हबसाणचा सम्राट मेनेलिक याने परदेशातून मिळविलेल्या बंदुका आणि तोफा यांच्या बळावर इटलीच्या फौजेचा धुव्वा उडविला. त्याने आपले सर्व सरदार एका निशाणाखाली आणले होते, हेही त्या विजयाचे तितकेच मोठे कारण आहे. तो विजय खरा आणि वंदनीय आहे. परंतु चाळीस वर्षांनी, १९३५ साली, तीच इटली विमाने आणि विषारी वायू घेऊन परत आली, तेव्हा हबसाणच्या शूर लोकांना पुन्हा जुन्या बंदुकांनिशीच उभे राहावे लागले आणि १९३६ च्या मे महिन्यात राजधानी पडली. विकतचे हत्यार एक लढाई जिंकून देते. पुढच्या लढाईच्या वेळी हत्यार बदललेले असते आणि विकणाराही बदललेला असतो.

तेव्हा पानिपताविषयी कल्पना करावयाचीच, तर ती अधिक धीट करावी, अशी आमची सूचना आहे. भाऊसाहेबांच्या हाती दहा मशीनगनी देऊ नयेत. त्याऐवजी बाळाजी विश्वनाथांच्या काळात पुण्यास एक शाळा द्यावी. तीत गोलंदाजांची आणि कासारांची मुले बसवावी, भास्कराचार्यांच्या गणिताला तोफेच्या गोळ्याच्या वाटेपर्यंत आणून पोचविणारा एखादा शास्त्री द्यावा, त्याचे पुस्तक छापणारा एक छापखाना द्यावा आणि या सर्वांचा पगार साठ वर्षे न चुकता भागविणारा एक खजिना द्यावा. असे झाले असते तर १७६१ साली मशीनगन आली नसती हे उघड आहे. पण १८०३ साली असईच्या मैदानावर पोलमनची गरज पडली नसती. ही कल्पना करमणुकीची नाही, कारण तीत एका क्षणात शत्रू उडून जात नाही. शिवाय ती करताना, आपल्या घरातील मुलाने प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात आयुष्य घालवायचे म्हटले तर आपण काय म्हणतो, हा प्रश्न ज्याचा त्याला स्वतःस विचारावा लागतो.

आमच्या वाङ्मयात पानिपतावर बखरी झाल्या, नाटके झाली, कादंबऱ्या झाल्या. असईच्या गोलंदाजांची मात्र नावेसुद्धा आम्हांस माहीत नाहीत. त्यांच्या हाती त्या काळचे सर्वांत चांगले हत्यार होते. धनी निघून गेला, अंमलदार निघून गेले, तरी ते तोफेपाशी राहिले. केवळ हत्यार नव्हते म्हणून आपण हरलो, असे आपण म्हणतो त्या वेळी त्यांच्या मरणाचा आपल्याला विसर पडलेला असतो. त्यांच्यापाशी सारे काही होते. त्यांच्या पाठीशी जे उभे असावयास हवे होते, तेवढे मात्र त्यांच्या समाजाने उभे केले नव्हते.